शेंदराखालचे नट

आमच्या घरात माणसं कमी बोलायची आणि वस्तू फार बोलायच्या. पहाटे स्टोव्हचा भुरभुराट, मग पाणी यायच्या आधी नळातून येणारी हवेची शिट्टी, मग आईच्या भाकरीचं थापटणं, आणि ऊन कललं की मागच्या पत्र्याच्या शेडमधून लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज. तो अण्णांचा. अण्णा म्हणजे माझे वडील, कचेरीत कारकून. मुलखाचा अबोल माणूस. कचेरीतले लोक चेष्टेनं म्हणायचे, ह्यांच्याशी बोलायचं तर आधी अर्ज द्यावा लागतो. घरात “चहा”, “आलो” आणि “बरं” एवढ्यावर त्यांचा दिवस निघायचा. आई सकाळी काही विचारायची, आणि उत्तर आलंच तर संध्याकाळी यायचं, तेही मानेनं. तेव्हा आम्ही खडकेश्वरच्या बाजूला भाड्याच्या घरात राहायचो. गावाचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं. आता पाट्या बदलल्यात, माझ्या तोंडात मात्र कधी हे नाव येतं, कधी ते, आणि नातू मला हसतो. हसू दे मेल्याला.

शेडमध्ये एक मोटार उभी होती. काळी, लांब नाकाची, बाहेर आलेल्या डोळ्यांसारखे दिवे असलेली जुनी विलायती गाडी. एका जुन्या जमीनदारांच्या तबेल्यात ती पडून होती आणि तिच्या मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालायच्या. अण्णांनी ती मागून घेतली आणि बैलजोडी लावून घरी ओढत आणली. सगळी गल्ली बघायला जमली होती. कुणीतरी म्हणालं, “कारकुनानं मोटार घेतली म्हणे, पण हाकायला बैल लागतात.” आईनं दारातून तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, रीत म्हणून. पण त्याच संध्याकाळी तिचं नाव ठेवलं, सवत. “सवतीनं आज किती रॉकेल प्यायलं?”, “सवतीचं अंग पुसून झालं असेल तर जेवायला या.” अण्णा हसायचे नाहीत, रागवायचेही नाहीत. हात धुवायचे आणि पाटावर बसायचे.

पण त्या शेडमध्ये अण्णा बोलायचे! इंजिनात हात घातला की त्यांची जीभ सुटायची. मी तेव्हा नुकतीच कॉलेजात जायला लागले होते आणि माझे हात बारीक होते. जिथं अण्णांची बोटं जायची नाहीत तिथं माझी जायची, म्हणून मला आत प्रवेश. पत्र्याला खिळ्यांची जुनी भोकं होती, सुट्टीच्या दुपारी त्यातून उन्हाच्या काड्या खाली यायच्या आणि रॉकेलच्या थाळीत हलत राहायच्या. बाहेर कडुनिंबावर कावळा एकसुरी ओरडत असायचा. मला अर्धवट झोप यायची, आणि त्या गुंगीत अण्णांचा आवाज, मऊ, घोगरा, चालूच. पेट्रोल नुसतं जळत नाही मालू, त्याला हवा लागते, आणि त्या दोघांची गाठ घालून देतो तो कार्बुरेटर. टॅपेट म्हणजे झडप उचलणारी दांडी, ती थोडी वाजली पाहिजे, अगदी गप्प बसवली तर झडप जळते. मग बोलता बोलता त्यांचं लहानपण निघायचं. त्यांना इंजिनियर व्हायचं होतं. मॅट्रिकचा निकाल लागला त्याच आठवड्यात आजोबांनी त्यांना कचेरीत चिकटवून दिलं. हे ते मला कधी माझ्याकडं बघून सांगत नसत. मान खाली घालून, पिस्टन पुसत, इंजिनाला सांगितल्यासारखं सांगायचे. मी ऐकायची. त्या दुपारी मला माझे वडील मिळाले, असं आज म्हणते. तेव्हा नुसतं छान वाटायचं.

गाडी जमत आली होती. अडलं होतं ते नटांवर. इंजिनाचं वरचं झाकण असतं, त्याला हेड म्हणतात. ते खालच्या भागावर बसवून सगळीकडून नटांनी आवळायचं, तेव्हा आतला दाब आत राहतो. गाडी आणली तेव्हा हेड काढून मागच्या सीटवर ठेवलेलं होतं आणि नट गायब होते. त्या घरच्या लोकांनी कुणी तराजूत पासंगाला वापरले, कुणी पडद्याच्या टोकाला बांधले, म्हातारीनं एक तर कैऱ्या फोडायला ठेवला होता म्हणे, तोही हरवला. ह्या नटांचे आटे जुन्या इंग्रजी मापाचे. आपल्या दुकानातला नट त्यावर दोन फेरे फिरतो आणि रुसून बसतो. शहागंजात उस्मानचाचांचं लेथ होतं, त्यांनी नवे कातून दिले. दिसायला देखणे, पण लोखंड नरम. अण्णांनी पाना लावून शेवटचा ताण दिला की आटे लोण्यासारखे सुटायचे आणि इंजिन तापलं की हेडच्या कडेनं वाफ. पुन्हा काढा, पुन्हा काता, पुन्हा वाफ. शेवटी चाचाच कंटाळून म्हणाले, “अण्णासाब, नक्को. ये लोहा वो लोहा नहीं है. असली ढूंडो.”

मग आम्ही असली शोधत फिरायला लागलो. छावणीच्या आठवडी बाजारात एका कडेला भंगार मांडून बसायचे. कुलपं, नळाच्या तोट्या, सायकलच्या चेनी, आणि त्यात आम्ही दोघं उकिडवे. खऱ्या नटाच्या माथ्यावर कंपनीनं इवलीशी चांदणी ठोकलेली असायची. अण्णा प्रत्येक नट धोतराच्या सोग्यानं पुसायचे आणि उन्हाकडं धरून बघायचे. एकदा त्यांनी चुकून एका भंगारवाल्याला ती चांदणी बोलून दाखवली. झालं! पुढच्या बाजाराला गेलो तर त्याच्याकडं मूठभर नट, प्रत्येकावर ताजी ताजी चांदणी, एकीला पाच टोकं तर दुसरीला सात. “घ्या की साहेब, चांदणीचाच हाय.” अण्णा पहिल्यांदाच चारचौघांत हसले. मला आजही तो भंगारवाला आवडतो. हल्ली माझा भाचा जुन्या गाड्यांचा नाद करतो. तो म्हणतो, मावशी, मोबाईलवर बोट फिरवलं की नट घरपोच येतो. येऊ दे बापडा. पण त्यावरची चांदणी कुणी ठोकली हे कसं कळतं, विचारलं तर मोबाईलच पुढं करतो.

एक दिवस अण्णांनी आईच्या पुरणाच्या पातेल्यात झडपा भिजत घातल्या. आई उपासाच्या दिवशी ते पातेलं काढायला गेली आणि आत काळं पाणी. तिनं पातेलं शेडच्या दारात आपटलं. “ऐका,” ती म्हणाली, “येत्या दसऱ्याला ही सवत आपल्या पायानं फाटकाबाहेर गेली तर ठीक. नाहीतर भंगारवाला येईल आणि घेऊन जाईल. शब्द द्या.” अण्णा म्हणाले, “बरं.” मी घाबरले. अण्णांचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. गाडी गेली तर शेड जाईल, आणि शेड गेली तर अण्णांचं बोलणं जाईल. मग राहील ते “चहा”, “आलो” आणि “बरं”. त्या दिवशी येसराची आमटी होती, माझी लाडकी, आणि मी ती ताटात तशीच सोडून उठले.

उस्मानचाचांनीच बातमी आणली. कपाशीच्या ट्रकवाल्यानं त्यांना सांगितलं होतं. “सिल्लोड के आगे एक खेडा है. उधर की चक्की को मोटार का इंजिन लगा था बोलते. ऐसाइच, तुम्हारी गाडी का.” तेव्हा खेड्यांत मोडक्या मोटारींची इंजिनं काढून पिठाच्या गिरणीला जुंपायचे. आम्ही रविवारी एसटीनं सिल्लोडला गेलो आणि पुढं मक्याच्या रानातून चालत. मका डोक्याच्या वर गेला होता. अण्णा पुढं, मी मागं, आणि दोन्ही बाजूंनी पानांची सळसळ, दुसरं काही नाही. अजून कधी झोपेत मी त्याच वाटेनं चालते आणि अण्णांची पाठ दिसत राहते.

गिरणी म्हणजे एक खोली. विजेच्या मोटारीवर जातं फिरत होतं आणि आत सगळं पांढरं. भिंती पांढऱ्या, कोळ्याची जाळी पांढरी, दळण घेऊन बसलेल्या बायांच्या भुवया पांढऱ्या. वरच्या कौलातून एक उन्हाचा पट्टा येत होता आणि त्यात पीठ सावकाश तरंगत होतं. आणि त्या पांढऱ्यात, कोपऱ्यात, एक लालभडक देव बसला होता. शेंदराचा गोळा, गुडघ्यापेक्षा उंच, दोन पितळी डोळे, पुढं नारळ आणि चिमूट चिमूट पीठ. मी हात जोडले. अण्णांनीही जोडले. मला वाटलं, देवाला. मग बघते तर त्यांचे डोळे त्या गोळ्यावरच्या उंचवट्यांवरून एकेक करून फिरत होते. ते नट बघत होते. देव म्हणजे इंजिन होतं.

गिरणी गयाबाईंची. ठसठशीत, विधवा, कमरेला पदर खोचलेली बाई, बोलणं गिरणीच्या आवाजाच्या वर. त्यांच्या मालकानं कुठल्याशा आपटलेल्या मोटारीचं इंजिन आणून गिरणी सुरू केली होती. दर दसऱ्याला तो तेलात कालवलेला शेंदूर सगळ्या इंजिनाला चोपडायचा, पूजेची पूजा आणि गंज धरू नये म्हणूनही. “मंग दुष्काळ पडला,” गयाबाई म्हणाल्या, “आजूबाजूच्या समद्या गिरण्या बंद पडल्या, ह्यो चालूच. लोकं म्हनाले, ह्यो साधा न्हाय. नारळ फोडाय लागले. मालक गेले, वीज आली, ह्यो बसला. पर पहिलं पीठ अजून त्यालाच. इंजिनबा म्हंतो आम्ही.”

आणि इथं अण्णांनी काय करावं? पिशवीतून पाना काढला. नुसता माप बघायला, पण काढला. बायांत एकदम “अगं बया!” झालं. एक म्हातारी उठून देवाच्या आडवी बसली.

“ठिवा ते आत!” गयाबाई कडाडल्या. “देवापुढं पाना काढता व्हय?”

अण्णांनी पाना लपवला आणि अडखळत सांगायला लागले, गाडी, हेड, नट, चांदणी. अनोळखी माणसांपुढं एवढं बोलताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. कानशिलं लाल झाली होती.

गयाबाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. “साहेब, देवाचे दागिने मागितले असते तर एक वेळ दिले असते. हातपाय कसे देऊ? आमचा देव आमी लंगडा करू का?” बाई मात्र मोठ्या मनाची. आम्हाला पिठलं-भाकरी खाऊ घातल्याशिवाय सोडलं नाही. अण्णा भाकरी नुसती कुस्करत होते, तर वरून दटावलं, “जेवनावर राग न्हाय काढायचा.” मीच मग त्यांना आईची दसऱ्याची मुदत आणि भंगारवाल्याचं सांगून टाकलं.

नंतर शेडचं दार उघडलं नाही. अण्णा कचेरीतून यायचे, चहा प्यायचे आणि ओट्यावर बसून रस्ता बघायचे. घर असं शांत झालं की मला स्टोव्ह पेटवायची भीती वाटायची. काही दिवसांनी आई धपाटे थापत होती. मध्येच हात थांबवून म्हणाली, “शेडमध्ये का जात नाहीत ते?” मी तिला सगळं सांगितलं, इंजिनबा, डोळे, पीठ, पाना. पाना ऐकून तिनं कपाळावर हात मारला, पिठाचा ठसा उमटला. “अगं बाई गं! एवढं शिकून देवापुढं पाना काढतात?” तव्यावरचं धपाटं करपलं. “मालू, त्या देवाची खोळ कधी उतरवलीय का गं कुणी?”

आईचे वडील पैठणला भिक्षुकी करायचे. शेंदराचे देव असतात त्यांच्यावर वर्षानुवर्षं थर चढत जातात, त्याची खोळ होते. ती कधी आपोआप गळून पडते, कधी देव जड झाला म्हणून विधीनं उतरवतात, गंगेत सोडतात आणि देवाला नवा शेंदूर लावतात. आमच्याकडं गोदावरीला गंगाच म्हणतात. आईनं लहानपणी हे बघितलं होतं. गणपती बसायच्या आधीच्या रविवारी ती जरीकाठी लुगडं नेसून, ओटीचं सामान घेऊन आमच्याबरोबर सिल्लोडच्या एसटीत बसली. अण्णांनी पिशवी मांडीवर घेतली. “पाना माझ्याकडं द्या,” ती म्हणाली, आणि तो तिनं खणाखाली ठेवला.

गिरणीत तिनं आधी देवाला हळदकुंकू वाहिलं, मग गयाबाईंची ओटी भरायला निघाली. त्या मागं सरकल्या, “म्या विधवा हाय वो बाई.” आई म्हणाली, “देवाची पुजारीण आहात तुम्ही,” आणि ओटी भरलीच. अण्णांना तिनं नारळ आणायला बाहेर पिटाळलं. मग खोळ कशी असते, देव कसा जड होतो, सगळं समजावलं. गयाबाई ऐकत होत्या, तोंडावर पदर धरून.

“खोळीचं पटतंय मला,” त्या म्हणाल्या. “पर बाई, तुमच्या मालकाचा डोळा नटावर हाय. मला कळंना व्हय?”

“आहेच,” आई म्हणाली. “देवापुढं खोटं कशाला बोलू? जुने नट घेऊन जागेवर नवे बसवू. देव अधू नाही राहायचा. तो आता बसूनच आहे, त्याला ताण नाही.”

“आन तुमी येवढ्या कशापायी आलात? ह्या पोरीनं मागल्या टायमाला सांगितलं, तुमीच ती मोटार भंगारात घालनार.”

आईनं ओटीचं ताट खाली ठेवलं. जातं घरघरत होतं. मग माझ्याकडं न बघता ती बोलायला लागली, आणि तिचा तो आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होते. “शेडची आणि माझ्या स्वयंपाकघराची भिंत एकच आहे, गयाबाई. लग्न झालं तेव्हापासून हा माणूस माझ्याशी चहा आणि बरं. मला वाटायचं, असतात काही माणसं मुकी. ती गाडी आली आणि भिंतीपलीकडून आवाज यायला लागला. सुट्टीला तर दुपारभर. मी तिथंच निवडटिपण करत बसते. कार्बुरेटर काय, टॅपेट काय, मला सगळं तोंडपाठ आहे. त्यांना इंजिनियर व्हायचं होतं, हे मला भिंतीनं सांगितलं. मी रागाच्या भरात म्हणाले, भंगारात घालते. नवरा लेकीशी बोलतो, लोखंडाशी बोलतो, राग नाही येणार? पण ती गेली तर तेवढंही जाईल.”

मी दळणाच्या डब्याला धरून उभी होते. मला वाटायचं, त्या दुपारी फक्त माझ्या आहेत. भिंतीपलीकडं एक बाई तांदळातले खडे वेचत बसलीय हे मला कधी सुचलंच नव्हतं. रडू आलं. कुणाकरता, ते सांगता यायचं नाही.

गयाबाईंनी उठून मोटारीचं बटण बंद केलं. जातं हळूहळू थांबलं. “आमचा मालक बी तसाच,” त्या म्हणाल्या. “बोलायचा न्हाय. ह्याच्यापाशी बसून गानं म्हनायचा. इंजिनाच्या आवाजात काय बी आयकू यायचं न्हाय मला. निस्ते ओठ दिसायचे.” मग त्यांनी देवापुढचं पीठ हातानं बाजूला सारलं. “उतरवा खोळ. पर माझी अट हाय. ती गंगेला न्यायची ती मोटारीतनंच. देव देतोय, तर देवाला बी फिरवा.”

कोमट तेल ओतत, ओल्या फडक्यानं शेकत दुपार गेली. अण्णा बोटांनी ठोकून बघत होते, पाना लांब. मग एकाएकी कडेनं चीर गेली आणि खोळ सालीसारखी सुटली, पितळी डोळ्यांसकट. आतून तिच्यावर इंजिनाचा ठसा होता, प्रत्येक नटाचा खळगा. आणि खाली? इतकी वर्षं तेला-शेंदरात मुरलेलं लोखंड, गंजाचा ठिपका नाही, प्रत्येक नटाच्या माथ्यावर चांदणी, पाच टोकांची. अण्णांनी पाना हातात घेतला आणि गयाबाईंकडं बघितलं. त्या म्हणाल्या, “घ्या, आता लाजू नका.” उस्मानचाचांनी कातलेले नवे नट बसले, नवा शेंदूर लागला, डोळे परत जागेवर बसले. बारीक झालेला इंजिनबा मला तरणाबांड दिसला. खोळ घेऊन परत येताना एसटीत अण्णांनी आईला विचारलं, “हे खरंच शास्त्रात आहे?” आई म्हणाली, “खोळ उतरवतात हे खरं. इंजिनाची उतरवतात का, ते देवाला विचारा.”

दसऱ्याच्या सकाळी हँडल मारून अण्णांचे खांदे उतरले. गल्ली पुन्हा जमली होती. उस्मानचाचा फाटकाशी ओठ हलवत उभे होते. मग इंजिन एकदा खोकलं, दुसऱ्यांदा खोकलं आणि लागलं. हेडच्या कडेला मी तळहात धरून बघितला, वाफ नाही, थेंब नाही. चाचांनी टोपी वर उडवली. गाडी आपल्या पायानं फाटकाबाहेर गेली आणि अण्णा स्टिअरिंगला धरून लहान पोरासारखे रडत होते.

पुढची सीट माझी, ह्याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती. मी दार उघडलंसुद्धा. पण लाल फडक्यात बांधलेली खोळ घेऊन आई आली, आणि देव काही मागं बसवता येत नाही. ती पुढं बसली, गाठोडं मांडीवर. मी मागं, कोंबड्यांच्या जुन्या जागेवर. खरं सांगते, फुरंगटले होते. पैठणचा रस्ता तेव्हा अरुंद होता, दोन्ही बाजूंना बोंडं फुटायला आलेली कपाशी, आपट्याचे भारे घेऊन चाललेली माणसं. ती थांबून बघायची, पोरं ओरडत मागं धावायची. बिडकीन गेलं तरी पुढच्या सीटवर कुणी एक अक्षर बोललं नव्हतं. अण्णा समोर बघत होते. आई समोर बघत होती. मला वाटलं, झालं. सगळं जमलं आणि हे जमलं नाही.

बिडकीनच्या पुढं चढ लागला, इंजिनाचा सूर बदलला. आई कान देऊन ऐकायला लागली.

“हे टकटक कसलं वाजतंय हो?”

अण्णांनी चमकून तिच्याकडं बघितलं. “टॅपेट.”

“ते काय असतं?” आईनं विचारलं, गाठोडं सावरलं आणि नीट ऐकायला त्यांच्याकडं वळून बसली.